तार राष्ट्राची, वाट सर्वांची

करोनाच्या साथीत, २०२० साली, शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले, तेव्हा कोकणातील आणि सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांत एक दृश्य दिसू लागले. मुले वह्या-पुस्तके घेऊन सकाळीच टेकडी चढू लागली. घरात ‘रेंज’ नव्हती, ती टेकडीवर होती. काहींनी तेथे गवताची झोपडी उभारली, काही झाडावर चढून बसले. या जिद्दीचे कौतुक वृत्तपत्रांनी केले, आम्हीही केले. परंतु कौतुकाचा भर ओसरल्यावर जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो बहुतेकांनी विचारला नाही. ज्या देशात १९९५पासून इंटरनेट उपलब्ध आहे, त्या देशातील विद्यार्थ्याला पंचवीस वर्षांनंतरही ज्ञानासाठी टेकडी का चढावी लागते?

आकडे पाहिले तर चित्र अत्यंत उत्साहवर्धक आहे. २०१४च्या मार्चमध्ये देशातील ब्रॉडबँड जोडण्या सहा कोटींच्या आसपास होत्या. २०२५च्या मार्चअखेर त्या ९४ कोटींवर गेल्या. एका जीबी डेटासाठी २०१४मध्ये अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. आता तोच दर दहा रुपयांच्या आसपास आला आहे. जगातील फार थोड्या देशांना एवढा पल्ला एवढ्या अल्पकाळात गाठता आला. त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. मात्र या ९४ कोटींपैकी तारेने, म्हणजे घरापर्यंत आलेल्या फायबर वा तत्सम जोडणीने मिळालेले ब्रॉडबँड जेमतेम चार कोटी दहा लाख आहे. उरलेला सारा डोलारा टॉवरवर आणि हातातल्या संचावर उभा आहे. दोन मुले एकाच वेळी वर्गात बसली आहेत, वडील कार्यालयीन काम करीत आहेत आणि आजीची डॉक्टरांशी दूरभेट चालू आहे, असे घर हातातल्या संचावर चालत नाही. त्याला तार लागते. आणि तारेचा प्रश्न हा केवळ तंत्रज्ञानाचा नाही; तो धोरणाचा, स्पर्धेचा आणि नियमनाचा प्रश्न आहे.

म्हणून थोडे मागे वळून पाहणे आवश्यक आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी सेवा देणारी संस्था एकच, परदेशाशी जोडणारे द्वारही एकच आणि घरातील दूरध्वनीची तारही सरकारी खात्याचीच. ज्यांनी दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना मक्तेदारी म्हणजे काय हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. जोडणी मिळाल्यावर पेढे वाटणारी पिढी अद्याप आपल्यात आहे.

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले खरे, पण उघडताना शासनाने लिलावातून मिळणाऱ्या रकमेवर डोळा ठेवला. कंपन्यांनीही उत्साहाच्या भरात न परवडणाऱ्या बोली लावल्या. परिणाम असा झाला की परवाना शुल्काच्या ओझ्याखाली कंपन्या वाकल्या, जाळे पसरलेच नाही आणि भ्रमणध्वनीवरील संभाषण मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत महागडे राहिले. येणाऱ्या दूरध्वनीचेही पैसे भरावे लागत, हे आजच्या तरुणांना सांगूनही खरे वाटणार नाही.

ही कोंडी फोडली ती अटलजींच्या शासनाने. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाट्याची पद्धत आणली. कंपनीचा व्यवसाय वाढला तर शासनाचे उत्पन्न वाढेल, ही साधी पण दूरदृष्टीची कल्पना होती. त्या वेळी ‘तिजोरीचे नुकसान केले’ अशी टीका झाली. परंतु आज मिळणारी एकरकमी रक्कम मोठी की उद्या उभे राहणारे जाळे मोठे, या प्रश्नाचे उत्तर काळाने दिले. १ ऑक्टोबर २००० रोजी सरकारी खात्यातून भारत संचार निगम जन्माला आला. २००२च्या प्रारंभी विदेश संचार निगमाचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सेवेतील मक्तेदारी संपली. २००३मध्ये प्रमोदजी महाजन दूरसंचारमंत्री असताना पाया रचल्या गेलेल्या सुधारणांतून येणारे दूरध्वनी विनामूल्य झाले. मराठवाड्याच्या अंबाजोगाईत घडलेल्या या नेत्याच्या कारकिर्दीत भ्रमणध्वनी श्रीमंतांच्या खिशातून भाजीवाल्याच्या गाडीवर आला, याची नोंद इतिहासाने घेतलेली आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, या धोरणांवर आपल्या विचार परिवारातही एकमत नव्हते. कै. दत्तोपंत ठेंगडी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मजदूर संघाने आणि स्वदेशी जागरण मंचाने निर्गुंतवणुकीला उघड विरोध केला. तो विरोध जुनाट विचारांतून आलेला नव्हता. राष्ट्राच्या पैशाने उभी राहिलेली संपत्ती मूठभरांच्या हाती जाऊ नये, ही त्यामागील चिंता होती. आज मागे वळून पाहता असे वाटते की, दोन्ही बाजूंकडे सत्याचा एकेक अंश होता. मक्तेदारी मोडणे आवश्यक होते, हे खरे. आणि सरकारी मक्तेदारीच्या जागी खासगी मक्तेदारी बसणार नाही याची तजवीज करणे तितकेच आवश्यक होते, हेही खरे. ती तजवीज करावयाची असते नियामकाने.

शाखेत कबड्डीचा डाव मांडताना काय करतात, ते स्वयंसेवकांना सांगावयास नको. आधी रेषा आखतात, मग गट पाडतात, आणि शिट्टी अशाच्या हाती देतात जो कोणत्याही गटाकडून खेळत नाही. रेषा नसतील तर तो खेळ राहत नाही, झोंबाझोंबी होते. आणि शिट्टीवालाच एका गटाकडून चढाई करू लागला तर दुसरा गट मैदान सोडून जातो. भारतातील दूरसंचाराची कथा थोडक्यात ही अशी आहे. १९९७मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. पण त्याच्या अधिकारांवरूनच दूरसंचार विभागाशी न्यायालयीन झगडे झाले, कारण तो विभाग स्वतःच सेवाही देत होता आणि परवानेही देत होता. अखेर २०००मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तंट्यांसाठी स्वतंत्र अपिलीय न्यायाधिकरण नेमावे लागले.

ब्रॉडबँडच्या बाबतीत निर्णायक क्षण आला तो २००४मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये नियामक प्राधिकरणाने एक महत्त्वाची शिफारस केली. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्याकडे देशभरात सुमारे चार कोटी तांब्याच्या तारा घराघरांत पोचलेल्या होत्या. दोन पिढ्यांच्या पैशातून आणि हजारो लाइनमनच्या घामातून त्या ओढल्या गेल्या होत्या. प्राधिकरणाचे म्हणणे असे की, निगमांनी स्वतः या तारांवरून ब्रॉडबँड द्यावेच. परंतु वाजवी भाडे घेऊन इतर कंपन्यांनाही त्या वापरू द्याव्यात. तार निगमाचीच राहील, भाडे निगमालाच मिळेल, पण ग्राहकाला निवड मिळेल.

ही कल्पना कोणा पढिक पंडिताच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जपानने नेमके हेच करून दाखवले होते. तेथे जुन्या दूरध्वनी कंपनीच्या तारा नव्या कंपन्यांना खुल्या झाल्या आणि २००१मध्ये सॉफ्टबँकने याहू बीबी ही सेवा इतक्या स्वस्तात आणली की अवघ्या काही वर्षांत जपान जगातील सर्वांत वेगवान आणि स्वस्त ब्रॉडबँड असणाऱ्या देशांत जाऊन बसला. फ्रान्समध्ये २००२ साली ‘फ्री’ नावाच्या नव्या कंपनीने महिना सुमारे तीस युरोंत सेवा देऊन प्रस्थापितांना दर उतरवावयास लावले. उलट, अमेरिकेने २००३ ते २००५ या काळात तारा खुल्या करण्याचे धोरण सोडून दिले. आज तेथील कित्येक भागांत ग्राहकासमोर फार तर एक-दोन कंपन्यांचा पर्याय उरतो. मुक्त अर्थव्यवस्थेची माहेरभूमी म्हणून जिची आरती ओवाळली जाते तेथे ही स्थिती, आणि जेथे शासनाने स्पर्धेसाठी दंड उगारला तेथे ग्राहक राजा. बाजार मोकळा सोडला म्हणजे स्पर्धा आपोआप येते, या भाबड्या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

आपल्याकडे काय झाले? अटलजींचे सरकार मे २००४मध्ये गेले होते. ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने जे ब्रॉडबँड धोरण जाहीर केले, त्यात तारा खुल्या करण्याची सक्ती नव्हती. कंपन्यांनी आपसांत करार करावेत, एवढेच म्हटले होते. ज्याच्याकडे तार आहे तो प्रतिस्पर्ध्याशी आपणहून करार कशाला करील? निगमांना आपले घर लुटले जाईल असे वाटले, कर्मचाऱ्यांना नोकरीची धास्ती वाटली. त्यांची भीती समजण्यासारखी होती; पण भीतीवर धोरण उभे राहत नाही. २०१०पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट ठरले होते. त्या वर्षअखेर प्रत्यक्षात झाल्या सुमारे एक कोटी दहा लाख. आणि तेव्हा ब्रॉडबँडची व्याख्या होती अवघी २५६ केबीपीएस. २०१३मध्ये ती ५१२ केबीपीएस आणि २०२३मध्ये दोन एमबीपीएस झाली. म्हणजे उद्दिष्टही लहान आणि त्याचीही निम्मी पूर्ती. दरम्यान लोकांनी घरचे दूरध्वनी परत केले आणि जी तार त्या काळी सोन्याच्या मोलाची होती ती जमिनीत गंजत पडली. जपून ठेवलेले धान्य दुष्काळातही वाटले नाही आणि कोठीतच किडले, अशातला हा प्रकार.

त्यानंतरच्या काळात दुसऱ्या टोकाची चूक झाली. २००८मध्ये एका फटक्यात १२२ परवाने वाटण्यात आले. कंपन्यांची संख्या वाढवली म्हणजे स्पर्धा वाढली, असा देखावा उभा राहिला. महालेखापालांनी २०१०मध्ये ध्वनिलहरींच्या या वाटपातील संभाव्य तोट्याचा कमाल अंदाज एक लाख ७६ हजार कोटी रुपये सांगितला आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे परवाने रद्द केले. पुढे २०१७मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले, हे नमूद केले पाहिजे. परंतु वाटपाची पद्धत मनमानी होती, हा सर्वोच्च न्यायालयाचा निष्कर्ष त्यामुळे पुसला जात नाही. या गोंधळात बँकांचा पैसा बुडाला, गुंतवणूकदारांचा विश्वास गेला आणि खेड्यात जाळे पसरण्याची काही मोलाची वर्षे वाया गेली.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि चित्र पालटले. दर कोसळले, डेटा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला, हा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्याच वावटळीत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या. टाटांची भ्रमणध्वनी सेवा व टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाल्या. व्होडाफोन आणि आयडिया २०१८मध्ये एकत्र आल्या. अतिस्वस्त दर देऊन प्रतिस्पर्ध्याला संपवणे कशाला म्हणावे, याविषयी प्राधिकरणाने २०१८च्या फेब्रुवारीत काढलेल्या आदेशातील तरतुदी त्याच वर्षअखेर अपिलीय न्यायाधिकरणाने रद्द ठरवल्या. म्हणजे रेषा कोठे आखावयाची यावरच पंचांचे एकमत नव्हते. मग २०१९च्या ऑक्टोबरमध्ये समायोजित महसुलाच्या व्याख्येवरील निकाल आला आणि कंपन्यांवर सुमारे दीड लाख कोटींचे दायित्व कोसळले. व्होडाफोन-आयडिया त्याखाली दबली. तिची देणी भागभांडवलात रूपांतरित करीत २०२५मध्ये शासनाचा हिस्सा जवळजवळ एकोणपन्नास टक्क्यांवर गेला. एकीकडे सरकारी कंपनीच्या खासगीकरणाची चर्चा आणि दुसरीकडे खासगी कंपनीचे अर्धे सरकारीकरण, असा हा काव्यगत न्याय!

आज भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात खऱ्या अर्थाने बलवान अशा दोनच कंपन्या उरल्या आहेत. २०२४च्या जुलैमध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आठवडाभराच्या आत दर वाढवले, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबांना या वस्तुस्थितीची पहिली झळ पोचली. चार माणसांच्या घरात चार रिचार्ज भरणाऱ्या गृहिणीला बाजाररचनेचे शास्त्र ठाऊक नसेल, पण दुकाने दोनच असली की भाव कोण ठरवतो, हे तिला पक्के ठाऊक असते.

पं. दीनदयाळजींनी एकात्म मानववाद मांडताना भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंतील केंद्रीकरणाचा दोष दाखवून दिला होता. सत्ता एका खात्याच्या हाती एकवटो वा दोन उद्योगसमूहांच्या, शेवटच्या पायरीवरील माणसाच्या वाट्याला प्रतीक्षाच येते. अंत्योदयाची कसोटी लावली तर दूरसंचार धोरणाचे यश शहरातील फाइव्ह-जीच्या वेगावर नव्हे, तर त्या टेकडीवरील विद्यार्थ्याच्या घरात तार पोचली की नाही, यावर मोजावे लागेल. त्यासाठी काय करावयास हवे?

पहिली गोष्ट, २००४ची चूक फायबरच्या बाबतीत पुन्हा होऊ नये. अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याची योजना २०११मध्ये मंजूर झाली. ‘भारतनेट’ या नावाने तिला गती मिळाली आणि आज दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तार गेली आहे. २०२३मध्ये तिच्या पुढील टप्प्यासाठी एक लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा राष्ट्राचा आहे. ही तार राजमार्गासारखी असली पाहिजे: मालकी राष्ट्राची, देखभाल चोख, आणि समान भाड्याने वाट सर्वांना मोकळी. बड्या कंपनीलाही आणि तालुक्याच्या गावी वीस वर्षे केबल चालवणाऱ्या होतकरू तरुणालाही.

दुसरी गोष्ट, त्या लहान उद्योजकाला जगू द्यावयाचे. स्थिर ब्रॉडबँडवरील परवाना शुल्कात सवलत द्यावी, अशी शिफारस प्राधिकरणाने २०२१मध्येच केली आहे; तिचा गांभीर्याने विचार व्हावा. २०२०च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ योजना किराणा दुकानदारालाही वाय-फाय विकण्याची मुभा देते. २०२२पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात या योजनेखालील केंद्रे त्या उद्दिष्टाच्या जवळपासही पोचली नाहीत, कारण अशा दुकानदाराकडून कंपन्या भरमसाट दर मागत. अखेर २०२५च्या जूनमध्ये प्राधिकरणाने त्या दरांवर मर्यादा घातली. शिट्टी वेळेवर वाजली असती तर पाच वर्षे वाचली असती.

तिसरी गोष्ट, भारत संचार निगम. २०१९पासून तीन पॅकेजांत मिळून तीन लाख कोटींहून अधिक रुपये शासनाने या संस्थेसाठी मंजूर केले. सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. २०२४-२५च्या अखेरच्या दोन तिमाहींत संस्थेने सतरा वर्षांनंतर नफा पाहिला आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी सी-डॉट, तेजस व टीसीएस यांनी घडवलेले स्वदेशी फोर-जी तंत्र देशाला अर्पण झाले. असे संपूर्ण तंत्र स्वतः निर्माण करू शकणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. ठेंगडीजींना अभिप्रेत असलेली स्वदेशी ती हीच. दार बंद करून बसणारी नव्हे, तर मैदानात उतरणारी. परंतु ही संस्था भावनेवर टिकणार नाही. तक्रार केल्यावर लाइनमन त्याच दिवशी आला पाहिजे. बाजारात एक सक्षम सार्वजनिक कंपनी असणे हा दरवाढीवरील सर्वांत स्वस्त अंकुश आहे. पण बोथट अंकुशाला हत्ती जुमानत नाही.

चौथी गोष्ट, नियामकाचे स्वातंत्र्य. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने फेसबुकसारख्या बलाढ्य परदेशी कंपनीच्या ‘विनामूल्य’ इंटरनेटला नकार दिला आणि संकेतस्थळांत भेदभाव करणारे दर बेकायदा ठरवले. फुकटाच्या आवरणाखालील ते कुंपण तेव्हा ओळखले गेले, म्हणून आपल्या तरुणांचे नवउद्योग मोकळ्या मैदानात वाढले. उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या परदेशी कंपनीला २०२५मध्ये परवाना मिळाला आहे. दुर्गम भागासाठी ती सेवा उपयुक्त ठरेल. परंतु अशा वेळी निर्भय नियामक नसेल तर सुरक्षा आणि ग्राहकहित दोन्ही धोक्यात येतील.

अखेरीस, सारे शासनावर सोपवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या गृहनिर्माण संस्थेत बांधकाम व्यावसायिकाने एकाच कंपनीला प्रवेश दिला आहे काय, याची चौकशी सभासदांनी वार्षिक सभेत करावी आणि दुसरीला दार उघडावे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायत कार्यालयातील भारतनेटची पेटी चालू आहे की धूळ खात पडली आहे, हे जाऊन पाहावे. बंद असेल तर ग्रामसभेत विषय मांडावा, लेखी तक्रार करावी, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. शाळेपर्यंत, आरोग्य उपकेंद्रापर्यंत ती तार पुढे गेली आहे का, हे विचारावे. यासाठी मोर्चा लागत नाही, चिकाटी लागते. आणि ती आपल्यापाशी आहे.

राष्ट्राने तार टाकली आहे. ती शेवटच्या घरापर्यंत नेणे आणि तिच्या तोंडाशी कोणी एकटा ठाण मांडून बसणार नाही हे पाहणे, हे काम आता आपणा सर्वांचे आहे.